जुन्या घाटाची नवी गिटार

खोटं कशाला सांगू, किमतीच्या मानाने वस्तू चांगलीच आहे. सगळे हेच विचारतात — ही जुन्या घाटाची नवी गिटार घेण्यासारखी असते का, की वरून रुबाब आणि आत भुसा. भुसा नसतो हो. लाकूड चांगलं असतं. साठ वर्षांपूर्वीच्या नमुन्यावरून हल्ली कारखान्यात कापतात, रीइश्यू म्हणतात त्याला — अस्सल जुनी घ्यायची तर घर विकावं लागेल, म्हणून ही दुधाची तहान ताकावर. पण ताक काही वाईट नसतं. खुंट्या तेवढ्या हलक्या येतात, सूर उतरतो, त्या मी बदलल्यात. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या कडा बोटाला लागायच्या, त्या घासल्यात. मुलासाठी बघताय ना ताई? — स्वतःसाठी. बरं बरं, चुकलं माझं. किती दिवस झाले शिकायला लागून? दोन महिने. मग बसा त्या स्टुलावर, मांडीवर घेऊन बघा. अशी नाही — हां, आता बरोबर.

वापरलेली दिसते? दिसणारच, वापरलेलीच आहे, म्हणून तर किंमत निम्मी लावलीय. तेरा वर्षं एकाच माणसाकडे होती. आणि तुम्हाला माझा पत्ता कोणी दिला? — बघा, पुन्हा तेच. 'मोठ्या भावाच्या गिटारची पिळलेली मान ज्याने केसभर खूण न ठेवता सरळ केली, तोच हा कारागीर.' तेरा वर्षं ऐकतोय. पहिली पाच वर्षं छाती फुगायची, नाही म्हणत नाही. आता कंटाळा आला. कोणी बोलायला लागलं की मी कानस घेऊन आत जातो.

कशाचा कंटाळा म्हणजे... आता तुम्ही बसलाच आहात, दुसरं गिऱ्हाईकही नाही. दादा माझा हॉटेलात वाजवायचा. लोक जेवायचे, हा कोपऱ्यात बसून वाजवायचा, कोणी वर बघायचंसुद्धा नाही — पण हात थांबला की सगळे वर बघायचे, असा हात. त्याच्याकडे अस्सल होती, साठ सालच्या आसपासची, जहाजावरच्या एका माणसाकडून घेतलेली. तीस वर्षं बायकोपेक्षा जास्त तिला जपलं, असं वहिनी म्हणायची, आणि हसून म्हणायची, ते तिचं मोठेपण. तर त्या गिटारची मान पिळली. जुनं लाकूड, हवेने होतं. दादा घेऊन आला आणि म्हणाला, तुला जमणार नसेल तर तसं सांग, मी मोठ्या कारखान्यात पाठवतो. एवढंच म्हणाला. माझ्याच दुकानात, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर. मला ते लागलं. मी म्हटलं, आठ दिवसांनी ये.

मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ती आवळली की मान सरळ होते. आवळायची दमाने — आज थोडी, उद्या थोडी. मला माहीत होतं. शिकाऊ माणसालाही माहीत असतं. पण मला दाखवायचं होतं ना. अजून अर्धा फेरा, म्हटलं, अजून अर्धा — आणि मान मागून फाटली. वीतभर. मोठा आवाज नाही झाला हो, वाळकं लाकूड फुटतं तेवढाच. मी तिथे, तुमच्या मागे त्या टेबलाशी उभा होतो, तो दुपारभर उभाच राहिलो.

मग काय, झाकली मूठ. त्याच घाटाची, त्याच रंगाची नवी रीइश्यू आणली. जुनीचे पिकअप, तारांखाली आवाज पकडतात ते, काढून तिच्यात बसवले, म्हणजे आवाज तरी तोच. बटणं जुनी लावली. अंगावरची पांढरी प्लास्टिकची पट्टी जुनाट दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात ठेवली, कडा घासल्या, जिथे जिथे दादाच्या हाताने रंग उडाला होता तिथे तिथे मी कापडाने रंग उडवला. सहा दिवस राबलो. सांगू का, आयुष्यात एवढं बारीक काम मी पुन्हा केलं नाही. दादा आला, वाजवली, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग गावभर सांगत सुटला, माझ्या धाकट्याचा हात बघा म्हणून. हे दुकान त्याच्या जिभेवर उभं आहे, ताई.

हो — तीच. तुमच्या मांडीवर आहे तीच. ठेवू नका खाली, राहू दे.

ओळखली नाही कशी? मीही तेच म्हणायचो मनात, आज ओळखेल, उद्या ओळखेल. नवीची मान जरा जाड असते, आणि ही वजनालाही जास्त आहे. वर्षा-दीड वर्षाने त्याने हॉटेल सोडलं. बोटं पूर्वीसारखी वळत नाहीत म्हणाला, खांदा भरून येतो म्हणाला. पन्नाशीसुद्धा नव्हती हो त्याची. मी समोर बसलो होतो. वहिनी म्हणाली, डॉक्टरला दाखवा. मीही म्हणालो, दाखव. बोटं वळत का नाहीत ते मला ठाऊक होतं, आणि मी म्हणालो डॉक्टरला दाखव.

मग गेल्या महिन्यात तोच आला. एक जुन्या वाद्यांचा शौकीन बघायला येणार होता, त्याच्या मुलीला घर घ्यायचंय, तिला हातभार लागेल म्हणून विकायची ठरवली होती. तू एक कागद लिहून दे, म्हणाला, अस्सल आहे म्हणून, तुझ्या सहीला मान आहे. मी कागद घेतला. तारीख लिहिली. पुढे काही लिहिता येईना.

त्या रविवारी जुनीचे तुकडे खोक्यात घालून त्याच्याकडे गेलो. टाकले नव्हते मी, माळ्यावर होते. सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडेल, हाकलून देईल — ते सोपं गेलं असतं. त्याने ती फाटलेली मान हातात घेतली. मागच्या बाजूला अंगठा टेकायची जागा झिजून गुळगुळीत झालीय, तिथे त्याचा अंगठा आपोआप गेला. मग म्हणाला, "पहिल्या दिवसापासून जड लागायची रे. मला वाटलं, माझंच वय झालं."

बस, एवढंच. वहिनी पाणी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. निघताना ही माझ्याकडे सरकवून म्हणाला, कुणाला तरी वाजवायला दे. तीन आठवडे झाले. फोन करतो तर वहिनी उचलते. झोपलेत म्हणते. भर दुपारी बाराला केला तरी झोपलेत.

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. तुम्हाला का सांगितली कोण जाणे.

तर घ्यायची की नाही, हे विचारत होतात. घ्या. गिटार चांगली आहे, तिचा काही दोष नाही. जुने पिकअप मी काढून दादाकडे पाठवले, हिचे मूळचे परत बसवलेत, तेही वाईट नाहीत. तुमच्या हाताला दुसऱ्या कशाची सवय नाही — तुम्हाला हीच मान म्हणजे मान, हेच वजन म्हणजे वजन. पाटीवर आहे त्यातलं जमेल तेवढं द्या.

नाही, स्पीकरची वायर नका लावू. इथे नको. घरी जाऊन वाजवा. ती हिची पेटी घ्या भिंतीजवळची, आणि जाताना दार ओढून घ्या.