गोळीशिवाय पातळ

डॉक्टरांच्या खोलीबाहेर नंबराची वाट पाहत बसलेल्या शिंपीणबाईंना शेजारच्या नवराबायकोचं बोलणं ऐकायचं नव्हतं. पण नवऱ्याचा आवाज नळ-पाइपांच्या दुकानात कमावलेला होता.

“हा बघ रिपोर्ट. रक्त पातळ करायची गोळी महिनाभर बंद, तरी रक्त हवं तेवढं पातळ.”

“वा.”

“त्या गोळीनं धमन्यांत कॅल्शियम साचतं. पाइपात क्षार धरतो ना, तसं. पाइपातलं मला शिकवू नकोस.”

“तुम्हाला कोण शिकवणार? साचू शकतं, पण वर्षानुवर्षं गेल्यावर. हृदयात धातूची झडप बसवलीय, तिच्यावर गुठळी झाली तर संध्याकाळ दिसायची नाही. डॉक्टर हे सांगत होते तेव्हा तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होतात.”

“डॉक्टरांना काय कळतंय? मग रिपोर्ट चांगला कसा आला?”

“माझ्या हातच्या चहानं.”

“चहानं रक्त पातळ होतं?”

“रोज त्यात गोळी कुस्करून घातली की होतं.”

शिंपीणबाईंनी हातातलं मासिक चेहऱ्यासमोर धरलं.

“उठा, नंबर आला. सांगा डॉक्टरांना, गोळी न घेता रक्त कसं पातळ ठेवलंत ते.”