सूनबाईंच्या विमानातून अक्काकडे

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, वैमानिक मंडळी, विमानतळावरचे सारे सहकारी, आणि आज निवृत्त होणाऱ्या कॅप्टन, म्हणजे आमच्या सूनबाई! सुनेच्या निरोपाला सासूला बोलायला उभं करायचं धाडस आयोजकांनी केलंय. परिणाम त्यांनीच निस्तरावेत.

मला प्रश्न विचारायची भारी खोड. सूनबाई इथून पार पश्चिमेच्या टोकाच्या विमानतळावर जायच्या. सहाशे किलोमीटर. जाताना पावणेदोन तास, येताना जेमतेम दीड. मी विचारलं, "अगं, जाताना चढ लागतो का?" हो, घरी मी अगं-तुगंच करते. तिनं जेवता जेवता समजावलं, की त्या वाटेवर वारा बहुधा पश्चिमेचा. जाताना तोंडावर, येताना पाठीवर.

त्याच टोकाला माझी थोरली बहीण राहायची, आमची अक्का. रेल्वेनं दीड दिवस, त्यात दोनदा गाडी बदलायची. त्यामुळे कैक वर्षं आमची भेट फोनवरच. एके दिवशी भाच्याचा फोन आला: अक्काचा श्वास पुरत नाही, भेटायचं तर लगेच ये. मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसले. चालवणार सूनबाई!

अर्ध्याहून जास्त वाट सरली आणि तिचाच आवाज आला. समोरचा वारा फार आहे, पुढे ढग दाटलेत. तिथे घिरट्या घालाव्या लागल्या तर इंधन पुरणार नाही, म्हणून वाटेतल्या विमानतळावर उतरतोय.

उतरल्यावर ती प्रवाशांशी बोलायला आली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "अगं, अक्का वाट बघतेय. थोडंच तर राहिलंय ना?"

"अंतर थोडंच आहे, आई. वेळ किती लागेल, ते आज सांगता येत नाही."

एवढं बोलून ती पुढच्या रांगेतल्या तान्ह्या बाळाच्या आईकडे वळली. मी गाल फुगवून बसले. पण खोटं कशाला बोलू? खाली इंधनाची गाडी आल्यावर नळी कुठे लावतात, ते मान वाकडी करकरून बघितलं.

ढग विरेपर्यंत दुपार गेली. पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अक्का उशीला टेकून जागी होती. मी बसल्या बसल्या सुनेची तक्रार सुरू केली. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मी अशी जायला टेकलेय, हे तिला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तरी उतरवलं?"

"हो ना!"

अक्का दम घेत म्हणाली, "मग मला तिला बघायचंय."

काम संपवून सूनबाई गणवेशातच आल्या. अक्कानं त्यांना शेजारी बसवून ढगांत काय दिसतं, भीती वाटते का, सगळं विचारून घेतलं. खोड आमच्या माहेरचीच! चौथ्या दिवशी अक्का गेली. त्या चार दिवसांत ती माझ्यापेक्षा हिच्याबद्दलच जास्त बोलली. थोडा हेवा वाटला, अजूनही वाटतो.

पुढे बऱ्याच महिन्यांनी मी धीर करून विचारलं, "आपण पोहोचायच्या आधीच अक्का गेली असती, तर मला काय सांगितलं असतंस?"

ती म्हणाली, "काय सांगितलं असतं ते ठाऊक नाही, आई. पण विमान उतरवलंच असतं."

मंडळी, त्यानंतर मी तिला त्याबद्दल काही विचारलं नाही. माझ्या बाबतीत हे नवलच.

तिला घडवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर या म्हातारीची चूक पदरात घ्या. नमस्कार.