थोरल्या जावेचा पश्चात्ताप

लेखक : ताई, तुम्ही सुधारलात तर मालिका पंधरवड्यात गुंडाळावी लागेल.

नटी : एका भागापुरती सुधारते हो. रडते, धाकट्या जावेची माफी मागते. मग पुन्हा हवं ते करायला लावा.

लेखक : त्या घरात एवढी माणसं, पण काही करणाऱ्या तुम्ही एकट्या. बाकीचे चहा पितात आणि तुम्ही काय केलंत त्यावर डोळे पुसतात. मागे तुम्ही रजेवर गेलात, तर आठवडाभर मी सासऱ्यांचा हरवलेला चष्मा शोधत बसलो होतो.

नटी : माझी आई गोळ्या घेत नाहीये.

लेखक : म्हणजे?

नटी : तिला आता नीट आठवत नाही. मालिका मात्र रोज बघते. तुम्ही मला सासऱ्यांच्या दुधात विष कालवायला लावलंत ना, तेव्हापासून माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही. "ही घरबुडवी इथे कशी आली?" म्हणून शेजारणीला विचारते. बीपीच्या गोळ्या उशीखाली सापडतात. असंच चाललं तर धडगत नाही, म्हणाले डॉक्टर.

लेखक : लिहितो. सासऱ्यांच्या पायाशी बसून रडा. मनापासून.

नटी : ते वेगळं सांगायला नको.

(आठवड्याभरानं, त्याच खोलीत.)

लेखक : बघितला का आईंनी भाग? काय रडलात हो. कॅमेरावालासुद्धा नाक ओढत होता.

नटी : बघितला, शेवटपर्यंत. मग शेजारणीला म्हणाली, "हिच्या रडण्यावर जाऊ नकोस. ही रडली की कुणीतरी जिन्यावरून पडतं."

लेखक : अरे देवा.

नटी : तुमचीच शिकवण. याआधी तीनदा पश्चात्ताप करवलात माझ्याकडून. तिन्ही वेळा खोटा.

लेखक : लोकांना आवडायचं ते. मग आता?

नटी : अडला हरी. धाकट्या जावेचं काम करते ना, तिचे पाय धरले.

लेखक : तिचे? तुमचे प्रसंग कापा म्हणून माझ्या डोक्याशी भुणभुण लावते ती.

नटी : तीच. पण आली बिचारी, मेकअपसुद्धा न पुसता. आईनं तिच्या हातून मुकाट गोळी घेतली. तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "तुझ्यासारखी लेक असती तर म्हातारपणाचं सोनं झालं असतं."

लेखक : आणि तुम्ही?

नटी : मी दारात. मला पाहून तिच्या कानाला लागली, "त्या बाईपासून जपून राहा गं."

लेखक : वाईट वाटलं असेल.

नटी : वाटलं. रात्रभर वाटलं. पण आता ती रोज यायला कबूल झालीय, म्हणून सांगायला आले. मला लवकर परत वाईट करा. मी चांगली झाले तर तिचं चांगलेपण कुणाला दिसायचं? आणि निदान गोळी तरी पोटात जाते.