खिडक्या लावा

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाई नणंदेशी हळू बोलत होत्या. म्हणजे अख्ख्या बाकाला ऐकू जाईल इतकं हळू.

“‘गटाराचा गॅस सुटलाय, खिडक्या लावा’ असा नगरपालिकेचा मेसेज मोबाइलवर आला, की तुझे दादा धावतात शेजारच्या पार्लरवालीच्या खिडक्या लावायला.”

“तिच्या जाम असतील, वहिनी.”

“आमच्या काय लोण्याच्या आहेत? शेवटी मी त्यांच्या मोबाइलवरचे ते मेसेजच बंद करून टाकले.”

“मग मिटलं की!”

“कसलं मिटतंय! आता रोज जातात. म्हणे, मेसेज येत नाही, तिला वास येतोय का विचारून येतो.”

“शेजारधर्म हो, दुसरं काय.”

“असेल बाई. पण गटाराचा वास विचारायला निघालेला माणूस सेंट मारून कशाला जातो?”