नारळ लांब टाकला होता ना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाय. भाऊबंदांना नाय, देवापुढे उभं राहून मनातल्या मनातसुद्धा नाय, कारन तिथेही कोनी ऐकेल असं वाटायचं. तुमी लिहून घेताय म्हनून सांगतो असंही नाय. काशी आता जे बोलायला लागलाय ते ऐकवत नाय, म्हनून सांगतो. काशी म्हनजे माझा मेव्हना, माझ्या बायकोचा, जनीचा, धाकटा भाऊ. आमच्याच वाड्यातल्या बाळारामचं जाळं त्याने कापलं असं अख्खा कोळीवाडा मानतो. ते मी कापलं.

मी मूळचा इथलाच, बेलापूरच्या खाडीकाठचा. शाळा सातवीपर्यंत, मग बापाबरोबर होडीवर. बाप डोल लावायचा. डोल म्हनजे काय, तर दर्यात खुंट ठोकायचे, त्यांना जाळं बांधायचं आनि मासा पान्यानेच आत आनून द्यायचा. जाळं कुठे हाय ते वर तरंगनारं पीप सांगतं. प्रत्येक घराच्या पिपाला वेगळा रंग, आमचा निळा, बाळारामचा पांढऱ्यावर दोन तांबडे पट्टे. पोराला बाराखडी यायच्या आधी पिपं ओळखता येतात. आनि दुसऱ्याच्या पिपाच्या दोराला कोयता लावायचा नाय, हे कोनाला शिकवावं लागत नाय. जेवनाऱ्याच्या ताटात थुंकू नको असं शिकवतात का, तसंच ते.

पूर्वी खाडीतच मासा होता. मग कारखान्यांचं पानी आलं, भराव आले, नेरूळला आमच्या डोळ्यांदेखत इमारती उभ्या राहिल्या आनि मासा गेला बाहेर, खांदेरी बेटाच्याही पुढे. आमीही त्याच्या मागे बाहेर. डिझेल जास्त, मासा कमी. ही तेव्हाची गोष्ट, आता पाच-सहा वर्षं झाली असतील.

एका कंपनीतले साहेब पापलेट घ्यायला गाडी घेऊन धक्क्यावर यायचे. गोड मानूस. एकदा म्हनाले, दामूशेठ, मोठा मासा गळाला लावायचाय, चोचीवाला, पाठीवर शिडासारखं पर असतं तो. तुमची बोट एक दिवस द्या. आता आमच्या कोळीवाड्यात ठरलेलं होतं की हौशी लोकांना जाळ्यांच्या बाजूला न्यायचं नाय, कारन आदल्या वर्षी असल्याच एका पार्टीने दोघांची जाळी फाडली होती. ते ठरवताना हात वर करनाऱ्यांत मीही होतो. पन साहेब जे भाडं बोलले ती आमची आठवड्याची कमाई होती. मी हो म्हनालो. घरात सांगितलं, इंजिनाचं काम काढायला उरनला जातो. खलाशी घेतला नाय, बोलला तर काय घ्या. पहाटेच्या ओहोटीला साहेब आनि त्यांचा एक दोस्त, दोघांना घेऊन निघालो.

दिवाळी होऊन गेली होती, पानी निवळलेलं, हवा पडलेली. साहेबांचा दोस्त मोरा बंदर सोडल्यापासून ओकत होता, साहेब त्याला म्हनत होते, अरे माशांना चारा घालतोस का. मीही हसलो. खांदेरी मागे पडली, जाळ्यांची रांग लागली. मी म्हनालो, साहेब, गळ वर घ्या, रांग ओलांडू द्या. साहेब म्हनाले, हो हो, एक मिनिट. आनि त्याच मिनिटाला लागला.

काय सांगू तुमाला, चाळीस वर्षांत मी तसा मासा जिवंत पाहिला नव्हता. पान्यातून उभा वर आला, अख्खा, निळा, परावर ऊन पडलं तर जांभळा दिसला, आनि मानूस नाय म्हनताना डोकं हलवतो तसं डोकं हलवून परत आत. गळाची काठी नुसती वाकली. साहेब ओरडतायत, मी इंजिन मारतोय, पुढे, मागे, पुढे. आनि तो मासा सरळ पिपाकडे गेला. दोराला दोन वेढे घालून पलीकडे निघाला. साहेबांची दोरी पिपाच्या दोरात अडकली. पिपावर दोन तांबडे पट्टे.

दोनच गोष्टी होत्या. साहेबांची दोरी कापायची, मासा जाईल. नायतर पिपाचा दोर. साहेब नुसतं म्हनाले, दामू, काप. काय कापायचं ते नाय म्हनाले ते. हे मी रोज घोकतो, त्यांनी सांगितलं नव्हतं. हातात कोयता होता, समोर तो मासा, आनि मला तो हवा होता हो. साहेबांसाठी नाय, भाड्यासाठी नाय. मला तो बोटीच्या अंगाला लागलेला बघायचा होता. मी दोर कापला. एका घावात. पीप हलकं होऊन उलटं झालं आनि पान्याबरोबर निघून गेलं. पीप सुटलं की जाळ्याचं तोंड खाली बसतं, गाळात जातं, मग ते मिळत नाय. नवीन जाळं होतं बाळारामचं, घरच्या बायकांनी पावसाळाभर बसून विनलेलं.

तासाभराने मासा अंगाला आला. साहेबांनी त्याच्या चोचीला धरलं, दोस्ताने ओकता ओकता फोटो काढला आनि साहेबांनी गळ सोडवून मासा परत सोडून दिला. मी म्हनालो, साहेब, हे काय. ते म्हनाले, दामूशेठ, आपन खेळतो, मारत नाय. मासा थोडा वेळ आडवा तरंगला, मग खाली गेला. जगला का मेला देव जाने.

दोन दिवसांनी बाळारामला वाहत गेलेलं पीप मिळालं, त्याला दोराचं टोक. बोटीच्या पंख्याने तुटला तर दोर पिंजतो, कोयत्याने तुटतो तो बोट फिरवलं तरी कळतो. सगळ्यांनी बोट फिरवून पाहिलं, मीही. आनि काशीचं बाळारामशी महिन्याभरापूर्वी खुंटाच्या जागेवरून भांडन झालेलं, काशी पिऊन धक्क्यावर ओरडला होता, तुजा पीप रातंय का बग. त्याच दिवशी काशीची होडीही बाहेर होती. झालं.

पंच बसले. आमच्यात रीत हाय, आरोप झालेल्याने नारळावर हात ठेवून बोलायचं, आनि तो नारळ त्याच्या घरच्या मानसाने दर्याला द्यायचा. नारळ परत काठाला आला तर शपथ दर्याने घेतली नाय, म्हनजे ती खोटी. काशीला बाप नाय, भाऊ नाय, घरचा मानूस म्हनजे मी. माझ्या ओंजळीत नारळ, त्यावर काशीचा हात. तापलेला हात होता. तो म्हनाला, मी बाळारामचा जाला कापला नाय. मग माझ्याकडे बघून म्हनाला, भावजी, तुमी तरी सांगा यांना. पंच म्हनाले, बोल दामू. मी म्हनालो, मी उरनला होतो, मला काय ठाऊक.

नारळ घेऊन मी एकटाच होडीने निघालो. खाडीच्या तोंडाबाहेर न्यायचा असतो, जिथून ओहोटी त्याला बाहेर ओढते. मी वळनावरच टाकला. ओहोटी संपत आलेली, पानी फिरायला आलं होतं, हे मला दिसत होतं. मुद्दाम टाकला का? खरं सांगतो, माहीत नाय. तो नारळ मला हातात धरवत नव्हता, एवढंच आठवतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कुंकू लागलेला तो नारळ तिवरांच्या चिखलात बायकांना सापडला. जनी त्या बायकांत होती. तिने तो पदरात घालून घरी आनला आनि माझ्यापुढे ठेवला.

काशीला कोनी मारलं नाय, दंड नाय. फक्त त्याच्या होडीवर खलाशी म्हनून कोनी चढेना, आनि डोल एकट्याने ओढता येत नाय. वर्षभरात होडी विकली. उलव्याच्या बाजूला गवंड्याच्या हाताखाली राहिला, मग नेरूळला एका सोसायटीत वॉचमन झाला. आता तिथेच असतो, निळा शर्ट, शिट्टी, गेटजवळ खुर्ची. लोक त्याला अंकल म्हनतात. बाळाराम काशीच्या पोरीच्या लग्नालाही आला नाय, कोळीवाड्यातून कोनीच आलं नाय. आमी दोघं गेलो. जनी दिवसभर मांडवात भावाच्या पाठीमागे उभी होती, कोळीवाड्यातलं कोन आलंय असं कोनी विचारलं तर मी हाय म्हनायला.

मी महिन्यातून एकदा काशीकडे जातो, सुका बोंबील घेऊन. पहिली काही वर्षं तो एकच विचारायचा, भावजी, नारळ लांब टाकला होता ना. मी म्हनायचो, हो रे, तोंडाबाहेर. गेल्या वेळी त्याने विचारलं नाय. चहा मागवला, आनि कपाकडे बघत म्हनाला, भावजी, मी त्या येळी खूप प्यायचो. होडीवर पन प्यायचो. मीच कापला असंल. दर्या खोटा कसा बोलंल. मग हसला आनि म्हनाला, बरा जाला, आता विचार करायचा टेन्शन गेला.

मी चहा पूर्न प्यायलो आनि घरी आलो.

साहेबांची बदली झाली, ते सुखात असोत. बाळारामला मी नवं जाळं विनून देऊ शकतो, हात अजून चालतात, ते मी करीन. पन काशीचं देनं वेगळं हाय. धक्क्यावर, पंचांपुढे, बाळाराम आनि जनी ऐकत असताना, मला मोठ्याने म्हनायचंय की दोर मी कापला आनि नारळ मी जवळ टाकला. आनि त्याच्याही आधी नेरूळच्या त्या गेटवर जाऊन काशीला सांगायचंय की तू कापलं नाहीस. हे मी देनं लागतो. आजपर्यंत दिलेलं नाय.