मंगली काकीच्या अंगठ्याने उघडलेलं फाटक

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य धनराज सर, मंचावरील पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती सुरय्या मॅडम, आणि तिसऱ्या रांगेत बसून "लोकेश, लवकर आटप" असं खुणावणारी माझी वर्गमैत्रीण दिव्या... म्हणजे, सर्व विद्यार्थी मित्रहो!

दुसऱ्या वर्षाला लॉ कॉलेज सोडलेल्या पोराला इथं कोणी बोलावतं का? मॅडमनीच बोलावलं.

मॅडम शिकवायच्या, "कायदा आहे कसा आणि असावा कसा, हे प्रश्न वेगळे ठेवा." आपल्या ग्रंथालयातले निम्मे प्रबंध याच वाक्यावर भांडतात. एके दिवशी मी वर्गात उठलो. आलापल्लीपुढच्या आमच्या गावाचा बांबूचा ट्रॅक्टर तेव्हा वाहतुकीच्या पासाअभावी वनखात्याच्या नाक्यावर अडकला होता. ओरडलो, "मग अन्यायालाही कायदाच म्हणायचं?"

"म्हणा. म्हणजे नेमकं काय बदलायचं ते दिसेल."

दार आपटून निघालो, गावी गेलो. पुस्तकंही विकली.

नवव्या दिवशी मॅडम एसटीनं थेट नाक्यावर! दिव्यानं सांगितलं असणार, दुसरं कोण? मी हातात दगड घेऊन उभा. वनरक्षक नथ्थूभाऊ म्हणाले, "मॅडम, मी लेखी आहे तसंच करतो. पास नाई, तर गाडी नाई."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. मी चाट पडलो! मग त्यांनी वनहक्काचे नियम उघडले. "पास कोण देणार, तेही लेखीच आहे. ग्रामसभेची समिती."

अध्यक्ष महोदय, सामूहिक वनहक्क मिळालेलं आमचं गाव. पास देणारे आम्हीच, आणि नऊ दिवस वनखात्याच्या साहेबाच्या दारात पासासाठी अर्ज घेऊन बसलेलेही आम्हीच!

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेनं ठराव केला. समितीच्या अध्यक्ष मंगली काकींनी पासावर अंगठा उमटवला. नथ्थूभाऊंनी पास दोनदा वाचला, नियमाशी ताडला, आणि फाटक वर केलं. काकी बघतच राहिल्या. "काऊन रे लोकेश, माह्या अंगठ्यानं सरकारचं फाटक उघडते?"

 आदल्या दिवसापासून जवळ बाळगलेला दगड कधी हातातून सुटला, कळलं नाही. ज्या कोरड्या ओळींवर मी चिडलो होतो, त्यांच्यात एवढं बळ?

मॅडम, आभार कोणत्या शब्दांत मानू? बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. दार आपटल्याची माफी मात्र तुमच्याकडेच मागतो. उद्या निवृत्तीआधीचा तुमचा शेवटचा तास. जिथं परवानगी लागत नव्हती तिथं नऊ दिवस मागत बसलो, आणि तुमच्या वर्गातून न विचारता निघून गेलो.

आज विचारतो. मॅडम, आत येऊ का?