चार घागरींची सायकल

...आन् वरून जो भेटंल तो मलाच इचारतो, "जोड वाजवून बघितलाता का?" काय सांगू आता? तुमाला सांगतो, लाज वाटती, बावीस वर्षं वेल्डिंग केलंय मी, सहकारी कारखान्यात, दुसऱ्याचा जोड मी हातोडीनं वाजवून पास करायचो, टण्ण वाजला तर पक्का, भद्द वाजला तर कच्चा, तोड आन् परत कर! हाताखालच्या धुळाजीला तर एक जोड सात बार करायला लावलाता, सगळ्या खात्यापुढं, रडकुंडीला आलतं बिचारं.

तर यंदा पाऊस न्हाई, ऊस न्हाई, कारखान्याला कुलूप, आन् आमची बायको सारजा टँकरवरनं डोक्यावर पाणी आणती, चार खेपा, मान धरली तिची. म्हणलं, थांब, चार घागरी एका दमात येतील अशी सायकल करतो तुला, घरीच, अंगणात. ती म्हणली, "अवं, जमंल का?" जमंल का? बावीस वर्षं वेल्डिंग केलंय मी!

पर कारखान्याचा पाईप मांडीएवढा, आन् सायकलीचा म्हंजी पापड... रॉड टेकवला की भोक, ते बुजवाया गेलं की शेजारी दुसरं. केलं कसंबसं. सारजा म्हणली, "वाजवून तरी बघा." वाजवलं. भद्द. एकदाच वाजवलं बरं का, परत कशाला वाजवू? हातोडी ठिवली कोनाड्यात, भोकं झाकाया जोडावर लांबीचा लगदा भरला, वरून हिरव्या रंगाचे दोन हात दिले. खोटं कशापायी बोलू, मला ठावं होतं.

दुसऱ्या दिवशी टँकरपाशी सगळा गाव. चार घागरी भरून अडकवल्या, सारजानं हळदकुकू लावलं, नारळ फोडाया दगड हुडकाया लागली, आन् माझ्या जिभेला काय झालतं कुणास ठाऊक, म्हणलं, "दगड कशाला? माझ्या जोडावरच फोड, बावीस वर्षं..." तिनं हाणला. फाडकन आवाज झाला, बायका म्हणल्या, फुटला बरं का नारळ!

नारळ साबूत होता.

सायकलीचे मधूनच दोन तुकडे, चारी घागरी आडव्या, पाणी मातीत... आन् कुणी हसलं न्हाई हो. हसले असते तर लई बरं झालं असतं. रांगेतल्या बायका नुसत्या वल्या मातीकडं बघत ऱ्हायल्या. तेवढ्यात धुळाजी म्होरं आला, तुटलेल्या जोडावरली लांबी नखानं खरवडली, समजलं त्याला सगळं, आन् लोकांना ऐकू जाईल असं म्हणला, "पाईपच खराब निघाला, उस्ताद." सात बार करायला लावलाता मी त्याला! यंदा जमिनीला भेगा काय कमी पडल्यात का, पर माणूस मावंल अशी एकबी न्हाई.

आता पाणी मीच आणतो, डोक्यावर, चार खेपा. सारजा दर खेपंला इचारती, "मान दुखती का?" न्हाई म्हणतो. मानंचा जोड आईनं केलेला हाय, माझ्या हातचा न्हाई... टिकंल.